पिल्लाचे नाव काय ठेवायचे?



आमच्या घरात पंधरा दिवसांपूर्वी एक नवा पाहुणा आला. काळा कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. चाळीच्या जिन्याखाली पावसात कुडकुडत होता. आमच्या सहावीतल्या चिरंजीवांनी त्याला शर्टात गुंडाळून वर आणले. ठेवायचा की नाही हे ठरण्याआधीच नावावरून वाद सुरू झाला.

मुलाने लगेच जाहीर केले, "काळ्या!" रंग काळा, नाव काळ्या. मी कारकून माणूस, हिशेब जुळला म्हणून मीही मान डोलावली. पण भाकरी थापणारी आई थांबली.

"त्ये नाव नको. माज्या बापाचं नाव काळू व्हतं. गावात त्येला काळू कुनी म्हनलंच न्हाई, 'ए काळ्या' म्हनायचे. वाड्यावरच्या कुत्र्याचं नावबी काळ्याच. हाक आली की दोगंबी उटायचे."

घरात कोणी बोलेना. आजोबांचे नाव मला ठाऊक होते, ही गोष्ट नव्हती. इतक्या वर्षांत तिने कधी सांगितलीच नाही.

आपल्या आज्या-पणजोबांची नावे आठवून पाहा. कचरू, धोंडू, दगडू, भिकू. मुले जगत नसत म्हणून मुद्दाम असे नाव ठेवण्याची चाल होती, आणि ती इतर जातींतही होती, हे खरे. पण कचरूचा कचऱ्या आणि भिकूचा भिक्या गावाने केला. १९५६ नंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता ही नावे आली ती नुसत्या हौसेने नव्हे.

शेजारच्या एका मित्राने तोडगा काढला, "ज्याच्याशी आपलं वाकडं, त्याचंच नाव ठेवा!" सगळे हसले. मला पटले नाही. पिल्लाला नुसता आवाज कळतो. दोन अक्षरी सुटसुटीत हाक मारावी, मागोमाग भाकरीचा तुकडा द्यावा, की थोड्याच दिवसांत ते मान वळवू लागते. त्याला कसला आलाय अपमान! हाकेचा अर्थ लागतो तो शेजारून जाणाऱ्या माणसाला.

शेवटी दहावीतल्या मुलीने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवले. तो फोटो तुमच्याही पाहण्यात असेल. फेब्रुवारी १९३४, दादरचे राजगृह. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि त्यांच्याबरोबर बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. "त्याचंच नाव ठेवू या!"

मित्र गंभीर झाला. "नको. उद्या चाळीतली पोरं त्याला दगड मारतील, हाड हाड करतील. बरं दिसेल का?" मीही क्षणभर घुटमळलो. पण टॉबी हे साहेबांच्या घरातले नेहमीचे नाव, त्याला काही देव्हाऱ्यात बसवायचे नाही. आणि त्या नावामुळे पोरांचा दगड हातातच राहिला तर वाईट काय?

रविवारी पिल्लाला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेले. रेबीजच्या लशीला अजून ते लहान आहे, तीन महिन्यांचे झाल्यावर आणा म्हणाले. कार्डावर नावाची जागा होती, तिथे मी कचेरीतल्या अक्षरात 'टॉबी' लिहिले.

आई त्याला "टोब्या" म्हणते. मुलगा परवा तिला म्हणाला, "आजी, टोब्या नाही, टॉबी म्हण." तिने दोनदा म्हणून पाहिले. पिल्लू मात्र दुधाची वाटी वाजली तेव्हाच उठले.