विश्लेषण : लिनक्समध्ये वितरकांची ‘ठिगळे’ हवीत की नकोत?

मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल संकुचित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दडवलेला चोरदरवाजा उघडकीस आला आणि जगभरातील लिनक्स सर्व्हरवरील मोठे संकट टळले. या प्रकरणाने एक जुना वादही पुन्हा समोर आणला. मूळ निर्मात्यांनी न स्वीकारलेले बदल वितरकांनी परस्पर करावेत का?

पॅच लावतो कोण? कशासाठी?

लिनक्स ही एका कंपनीची वस्तू नाही. हजारो स्वतंत्र प्रकल्पांची सॉफ्टवेअर एकत्र करून डेबियन, उबुंटू, फेडोरा अशी ‘डिस्ट्रिब्युशन’ म्हणजे वितरणे तयार होतात. मूळ कोडमध्ये केलेला नेमका बदल म्हणजे पॅच. तो अनेकदा गरजेचाच असतो. वितरणाची एक आवृत्ती काही वर्षे वापरात राहते. त्या काळात मूळ प्रकल्प पुढे गेलेला असतो. अशा वेळी नव्या आवृत्तीतील सुरक्षा दुरुस्ती जुन्या आवृत्तीला जोडावी लागते.

मग धोका कुठे?

याचे सर्वात गाजलेले उदाहरण डेबियनचे. २००६ मध्ये ‘ओपनएसएसएल’ तपासताना येणारी एक सूचना थांबवण्यासाठी कोडमधील काही भाग वगळण्यात आला. परिणामी, गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी यादृच्छिकता जवळपास संपली. एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. संगणक त्या सहज पडताळू शकतो. हा दोष मे २००८ मध्ये जाहीर झाला. उबुंटूसह डेबियनवर आधारित वितरणांनाही त्याचा फटका बसला. किल्ल्या नव्याने तयार कराव्या लागल्या. बदलाआधी मूळ विकासकांकडे विचारणा झाली होती. पण दुरुस्ती रीतसर मूळ प्रकल्पात गेली नव्हती.

‘एक्सझेड’मध्ये काय घडले?

दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्यासाठी वापरले जाणारे ‘ओपनएसएसएच’ मुळात एक्सझेडवर अवलंबून नाही. मात्र ‘सिस्टमडी’शी जुळवून घेण्यासाठी डेबियन, फेडोरा आदींनी त्याला पॅच लावला होता. त्यातून एक्सझेडचे ग्रंथालय आत आले आणि चोरदरवाजाला वाट मिळाली. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला. तोवर तो प्रामुख्याने चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचला होता. पुढे जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचने ही सोय स्वतःच, त्या ग्रंथालयाविना दिली.

मग पॅच बंद करावेत?

तसे केल्यास सुरक्षा दुरुस्त्याही अडकतील. शिवाय एक्सझेडमधील घातपात मूळ प्रकल्पातूनच झाला होता. म्हणजे ‘मूळ ते सुरक्षित’ हेही खरे नाही. खरा फरक पॅचच्या प्रकारात आहे. मूळ प्रकल्पानेच केलेली दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणणे वेगळे आणि वर्षानुवर्षे स्वतंत्र बदल सांभाळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारातील पॅचला दोन मालक असतात आणि जबाबदार कोणीच नसतो. त्यामुळे असा बदल आधी मूळ प्रकल्पाकडे पाठवावा, नाकारला गेल्यास कारणासह नोंदवावा आणि गरज संपताच काढून टाकावा. ओपनएसएसएचला अखेर जे करावे लागले, ते आधीच झाले असते तर ही वाट उघडलीच नसती.