घोड्याची चिप, बैलाचा बिल्ला



इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२० पासून घोड्याच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचणे सक्तीचे झाले. माळावर मोकळे राहणारे काही कळप तेवढे वगळले. चिपचा खर्च मालकाचा, चुकला तर दंडही मालकालाच.

तिकडे २०१३ साली गोमांस म्हणून विकलेल्या मालात घोड्याचे मांस निघाले. घोड्याला पासपोर्ट तर त्याआधीच सक्तीचा होता! लबाडी झाली व्यापारात. दारात घोडा बांधणाऱ्याने ती केली नव्हती. मग नियम आवळले गेले, आणि ओझे मालकावरही आले.

आपल्याकडे कानात १२ अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री १ जून २०२४ पासून बंद, असा आदेश राज्य सरकारने काढला. मुहूर्त काय, तर ऐन पेरणीचा!

ओळखीला आमचा विरोध नाही. चोरीला गेलेला बैल सापडावा, लाळखुरकुताची लस नोंदली जावी, वीज पडून बैल मेला तर भरपाई मिळावी, हे आम्हालाही हवेच. पण एका बैलाच्या धन्याला बाजाराच्या दारातून परत पाठवायचे आणि बिनबिल्ल्याच्या जनावरांचा ट्रक नाक्यावरून सोडायचा, याला अंमलबजावणी म्हणत नाहीत.

म्हणून आमच्या मागण्या तीन. बिल्ला गोठ्यावर येऊन मारा. गळून पडला तर बाजारातच नवा द्या. तपासणी आधी व्यापाऱ्याच्या ट्रकची करा.

गावोगावच्या बैठकीत हा ठराव घ्यावा.