वेलांटी कुठली? गूगलला विचार!

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी हमखास घडणारा सीन. फ्लेक्सवाल्याच्या दुकानात चार जण उभे. डिझाइन तयार आहे, फोटो बसलेत, फक्त एका शब्दावर गाडी अडलीय. ‘आशीर्वाद’मधला रफार शीवर की वावर? तिघांचे फोन बाहेर निघतात. एक जण दोन्ही टाकून बघतो. ‘आर्शीवाद’ टाकला तर गाणी, स्टेटस, लग्नपत्रिकांचे मजकूर असं पानभर येतं. “अरे, सगळीकडे असंच आहे!” झालं, ठरलं. फ्लेक्सवर ‘आर्शीवाद’ जातो.

बरोबर आहे ‘आशीर्वाद’. पण त्या चौघांना हसण्यात अर्थ नाही, कारण आपण सगळे हेच करतो. डिक्शनरी उघडायची म्हणजे उठून कपाटापर्यंत जायचं. सर्च बॉक्स तर हातातच असतो. आणि ही सवय आपल्याला इंग्रजीनं लावलीय. तिथं ती चालते, अगदी मस्त चालते.

का चालते? ब्रिटनी स्पिअर्स जोरात होती, त्या काळात गूगलनं एक गमतीशीर यादी प्रसिद्ध केली होती. लोकांनी तिचं नाव शोधताना स्पेलिंगच्या किती तऱ्हा केल्या, त्याची. त्या जवळपास ६०० भरल्या! तरी गूगल बरोबर नावापर्यंत पोचवत होतं, कारण चुकीचं टाइप करणारे कितीतरी जण लगेच स्वतःच दुरुस्त करून पुन्हा शोधतात आणि बरोबर लिहिणारे तर त्याहून कितीतरी जास्त असतात. मशीन हे सगळं बघत असतं. गूगलचे संशोधक पीटर नॉर्विग यांनी २००७मध्ये यामागची कल्पना सुमारे २० ओळींच्या प्रोग्रॅममध्ये मांडून दाखवली. अनोळखी शब्द आला, तर एक-दोन अक्षरांच्या फरकानं त्याच्या जवळ असणारे शब्द शोधायचे आणि त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा निवडायचा. बस. पुढं २०२०मध्ये गूगलनंच सांगितलं की, रोजच्या दर दहा शोधांपैकी एकात स्पेलिंग चुकलेलं असतं. आज तिथं न्यूरल नेटवर्क वगैरे बरंच काही आहे, पण पाया तोच. लोक काय लिहितात ते मोजायचं.

आता हेच मराठीला लावून बघा. ‘सगळ्यात जास्त वापरला जाणारा’ शब्दच चुकीचा असेल तर? ‘स्रोत’ बरोबर, पण ‘स्त्रोत’ सरकारी पानांपासून बातम्यांपर्यंत सगळीकडे. ‘पारंपरिक’ला ‘पारंपारिक’नं, ‘प्रावीण्य’ला ‘प्राविण्य’नं, ‘पश्चात्ताप’ला ‘पश्चाताप’नं केव्हाच गाठलंय. ‘महत्त्व’मधला दुसरा त तर अर्ध्या महाराष्ट्रानं रजेवर पाठवलाय. इंग्रजीत वेबवर संपादकाच्या हाताखालून गेलेला मजकूर ढिगानं आहे, त्यामुळे चुका त्यात बुडून जातात. मराठीत तो ढीग लहान आहे. आणि बरोबर-चूक रूपं एकच मानून निकाल दाखवायची हुशारी सर्च इंजिनकडे असल्यानं ‘उज्वल’ शोधलं तरी ‘उज्ज्वल’ची पानं येतात. तुम्हाला वाटतं, पास झालो!

दुसरी भानगड शेजारणीची. मराठी आणि हिंदीची लिपी एकच, त्यामुळे देवनागरीत शोधलं की हिंदी पानं लोंढ्यानं येतात. हिंदीत ‘शक्ति’, ‘कवि’, ‘गुरु’. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून ‘शक्ती’, ‘कवी’, ‘गुरू’. पण हाच शब्द समासात पुढं आला की पुन्हा ऱ्हस्व. ‘कविमन’, ‘गुरुदक्षिणा’. आता नागपूर-गोवा महामार्गावरून एवढा गदारोळ चाललाय, त्याचं नाव बघा. कुठं ‘शक्तिपीठ’, कुठं ‘शक्तीपीठ’. नियमानं ‘शक्तिपीठ’. हिंदीतही इथं ऱ्हस्वच असल्यामुळे या वेळी हिंदी पान तुम्हाला योगायोगानं बरोबर उत्तर देईल. पुढच्याच शब्दाला तेच पान तोंडघशी पाडेल.

सगळ्यात मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. मराठी शब्द एका जागी उभा राहत नाही. ‘वकील’, पण ‘वकिलाने’. ‘गरीब’, पण ‘गरिबांना’. ‘फूल’, पण ‘फुलाला’. प्रत्यय लागला की उपान्त्य दीर्घ ऱ्हस्व होतो. मात्र संस्कृतमधून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर तो हलत नाही, म्हणून ‘शरीर’चं ‘शरीराला’ आणि ‘गीत’चं ‘गीताला’. यात कान मदत करत नाही, कारण बोलताना आपण इतकं ऱ्हस्व-दीर्घ कुठं पाळतो? डिक्शनरीत ‘वकील’ सापडेल, ‘वकिलाने’ सहसा नाही. सर्चमध्ये ‘वकीलाने’ आणि ‘वकिलाने’ दोन्ही सापडतील. म्हणजे नेमका जिथं प्रश्न पडतो तिथं दोघंही हात वर करतात.

बरं, एखाद्यानं अभ्यासू बाणा दाखवून ऑनलाइन शब्दकोश गाठला, तर तिथं आणखी एक मजा. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश फुकट बघता येतो. अर्थासाठी खजिनाच. पण त्यात ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशी अनुस्वारांची रांगोळी दिसते. कारण मोल्सवर्थ १९व्या शतकातला, दाते-कर्वे १९३०च्या दशकातले. साहित्य महामंडळाचे नियम आले १९६२मध्ये. तेव्हा १४, १९७२मध्ये आणखी ४, असे एकूण १८. उच्चारात न राहिलेले अनुस्वार या नियमांनी काढून टाकले.

इथं कुणी म्हणेल, भाषा लोकांची, मग बहुमतानं ठरली तर बिघडलं कुठं? प्रश्न रास्त आहे. ते अनुस्वारही लोकांच्या जिभेवरून आधी गेले, कागदावरून नंतर. उद्या ‘महत्व’ही मान्य होईल, कुणी सांगावं. मला त्यात वाईट वाटणार नाही. पण तेव्हा वाद झाले, चर्चा झाली, कारणं दिली गेली. सर्च बॉक्स कारण देत नाही. आणि त्याचं ‘बहुमत’ तरी कुणाचं? एकच मजकूर कॉपी-पेस्ट करणाऱ्या शंभर शुभेच्छा-साइट्सचं, की मराठी लिहिणाऱ्यांचं? आता तर निकालांच्याही वर एआयचं तयार उत्तर येतं. तेही याच ढिगावर पोसलेलं, फक्त बोलतं जास्त ठामपणे.

हा विषय आत्ताच काढायचं कारण म्हणजे राज्यसेवेची मुख्य परीक्षा. ती २०२५पासून वर्णनात्मक झाली. गोल काळे करायचे दिवस संपले, पानंच्या पानं हातानं लिहायची. मराठीचा ३०० गुणांचा पेपर किमान २५ टक्क्यांनी पास व्हावाच लागतो. बार उंच नाही, पण हॉलमध्ये ना फोन, ना कीबोर्डच्या सूचना. लायब्ररीत वर्षभर सर्च करून लिहिलेल्या नोट्समधलीच ‘परिक्षा’ तिथं उतरते. (‘परीक्षा’ बरं का!)

मग करायचं काय? तपासायचंच असेल तर शब्द अवतरण चिन्हांत टाकून शोधा आणि किती निकाल आले यापेक्षा ते कुणाचे आहेत ते बघा. आकड्याचा तो फक्त अंदाज असतो, त्यावर काही ठरवू नका. ‘बृहद्कोश’ या साइटवर अनेक मराठी कोश एकत्र शोधता येतात. प्रत्यय लागलेल्या रूपांसाठी अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ आहे, आणि त्यांचंच ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ हे नावाप्रमाणे खिशात मावतं. शासनाचे परिभाषा कोशही ऑनलाइन आहेत. पण ‘फोटोसिंथेसिस’ला मराठीत काय म्हणतात, हे ते सांगतात. ‘वकीलाने’ की ‘वकिलाने’, हा त्यांचा प्रांतच नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या दर्जाच्या नावानं काही मागायचंच असेल तर एक साधा बॉक्स मागू या. शब्द टाकला की बरोबर रूप आणि त्यामागचा नियम सांगणारा, फोनवर चालणारा आणि फुकट.

तो फ्लेक्स रातोरात छापून झाला. सकाळी गेटवर लागला, मग सगळ्यांनी त्याच्यापुढे फोटो काढले आणि अपलोड केले. कॅप्शनमध्येही ‘आर्शीवाद’च. पुढच्या गॅदरिंगला कुणी शोधेल तेव्हा निकाल थोडे वाढलेले असतील.