पोशाख झळकतो, कामगार दिसत नाही

फॅशनच्या छायाचित्रात मॉडेलच्या अंगावर पोशाख कसा चपखल बसलेला दिसतो! पाठीमागे मात्र तो चिमटे आणि पिना लावून आवळलेला असतो. कपडे बहुधा उसने आणलेले. म्हणून बुटांच्या तळव्यांना चिकटपट्टी लावायची, किमतीची चिठ्ठी न तोडता आत दडवायची, वाफेच्या इस्त्रीने सुरकुत्या काढायच्या आणि शेवटी यादीप्रमाणे मोजून सारे परत करायचे. हे काम स्टायलिस्टचे सहाय्यक, ड्रेसमन आणि शिंपी करतात. डाग पडला तर भरपाई त्यांच्याच मजुरीतून कापली जाण्याची टांगती तलवार असते.

बंधुभगिनींनो, आपल्या पगारातून नुकसानीची वसुली करायची तर रेल्वेत १९६८ च्या आणि टपाल खात्यात १९६५ च्या शिस्तविषयक नियमांनुसार आधी लेखी आरोप व उत्तराची संधी द्यावी लागते. या कामगारांना अशी कोणती संधी?

१९८१ चा सिने कामगार कायदा कथापटांपुरता होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने दृक्‌श्राव्य जाहिराती व वेब मालिकाही व्याख्येत घेतल्या. स्थिर छायाचित्रणाचा उल्लेख मात्र तेथेही नाही. तोच स्टुडिओ, तीच इस्त्री. चित्र हलले तर कामगार व्याख्येच्या आत, न हलले तर बाहेर. हा कुठला न्याय?

व्याख्या दुरुस्त करा. तयारीचे व परतीचे दिवस कामाचे धरा. चौकशीविना कपात बंद करा. आपल्या घरांतील मुलेमुलीही आता या धंद्यात उतरत आहेत. त्यांना संघटनेची वाट दाखवणे हे आपलेच काम आहे.