एका पायावर तयार

‘तीन तिगाडा, काम बिगाडा’ ही म्हण ज्याने केली, त्याने कॅमेऱ्याची तिपाई पाहिली असण्याचा संभव नाही. तरीही माझी अशी पक्की समजूत आहे, की तो गृहस्थ आमच्या साडूंबरोबर कधीतरी सहलीला जाऊन आला असावा.

साडूंची तिपाई डोक्यासकट दोन किलो भरते. हे वजन ऐकीव नाही. आमच्या वाण्याच्या काट्यावर, तुरीच्या डाळीच्या आधी नंबर लावून, मी स्वतः करून घेतलं आहे. पण वजनाचं एक वेळ सोडा. तिपाईला स्वतःचं एक वेळापत्रक असतं आणि ते सगळ्या सहलीला पाळावं लागतं. आधी ती पिशवीतून निघते. मग तिचे पाय फाकतात. मग प्रत्येक पायातून तीन-तीन नळ्या ओढायच्या, म्हणजे नऊ. नऊ कड्या लावायच्या. मग जमीन उताराची निघते म्हणून एक पाय आखूड करायचा. मग तो फारच आखूड झाला म्हणून उरलेले दोन. एव्हाना सूर्य मावळलेला असतो, मेव्हणीबाई डबा उघडून बसलेल्या असतात, आणि ज्या बगळ्यासाठी हा सारा संसार मांडला तो उडून दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो.

तो बगळा इतका वेळ एका पायावर उभा होता, हे मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही.

माझं म्हणणं अगदी थोडं आहे. बायकामुलांना घेऊन प्रवासाला निघणाऱ्या माणसाने तिपाई घरी ठेवावी आणि एकपायी दांडा घ्यावा. दुकानात त्याला मोनोपॉड म्हणतात. आणि त्या दांड्यावर गोळ्याचं डोकं बसवू नये. एकाच दिशेला कलणारं साधं डोकं बसवावं. एवढंच मी एकदा जेवणाच्या सुट्टीत बोललो, तर आमची शाखा पगारवाढीच्या करारावरसुद्धा दुभंगली नव्हती इतकी दुभंगली.

पहिला आक्षेप कॅश काउंटरवरून आला. ‘‘अहो, पण सोडला की तो पडणार!’’

पडणारच. तो सोडायचाच नसतो मुळी. कॅश मोजताना कोणी नोटांचं बंडल सोडून चहाला जातं का? दांड्याचं टोक थोडं पुढे टेकवायचं, आपले दोन पाय फाकवून उभं राहायचं, कॅमेरा कपाळाला लावायचा आणि वरून हलका दाब द्यायचा. झाले तीन पाय. त्यांतले दोन देवाने दिलेले. ते प्रवासात तसेही बरोबर न्यावेच लागतात, आणि विमानात त्यांचं वेगळं वजन कोणी करत नाही. देशातल्या विमानांत हातातल्या सामानाला सात किलोंची मर्यादा असते, हे लक्षात घेतलं म्हणजे या दोन फुकट पायांची किंमत कळते. काही दांड्यांच्या तळाशी कोंबडीच्या पंजासारखी तीन बोटं येतात. ती चलच्चित्र घेणाऱ्यांना उपयोगी असतील, पण त्या पंजावर विश्वासून कॅमेरा उभा सोडून जाणाऱ्याचं पुढे काय होतं, ते कोंबडीचं जे होतं तेच.

आता हिशेब. मी कॉमर्सचा माणूस, हिशेबाशिवाय मला घास गिळत नाही. हातात कॅमेरा धरून फोटो हलू द्यायचा नसेल तर जुना ठोकताळा असा, की जितक्या मिलिमीटरची लेन्स, सेकंदाचा फार तर तितकावा भाग शटर उघडं ठेवावं. पन्नासची लेन्स असेल तर पन्नासावा, किंवा कॅमेऱ्यावर जवळचा असतो तो साठावा. दांडा नीट टेकवला की हात बसलेला माणूस पंधराव्यापर्यंत आरामात उतरतो. म्हणजे चौपट उजेड. हा चौपट उजेड अजिंठ्याला जाऊन मोजावा. चित्रांची लेणी काळोखी, फ्लॅशला बंदी. ती योग्यच आहे. दीड हजार वर्षं टिकलेल्या रंगांवर आपण वीज पाडायची काही गरज नाही. मग उजेड कमी म्हणून आयएसओ 6400 वर चढवायचा, आणि बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावर रव्यासारखे कण उठवायचे. दांडा असेल तर तेच काम 1600 वर भागतं, आणि चेहरा चेहऱ्यासारखा येतो.

तिपाईने याहून चांगला येईल, हे कबूल. पण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिपाई लावायला वेगळी परवानगी काढावी लागते, आणि परवानगीचा अर्ज भरून मग एलएफसीवर निघणारा बँकवाला मला अजून भेटायचा आहे. दांड्याबद्दलही दारावरच्या माणसाला आधी विचारावं. नाही म्हणाला तर वाद घालू नये, मिटवून पिशवीत टाकावा. पाच सेकंदांचं काम. तिपाई मिटवेपर्यंत मागे शाळेच्या दोन सहली खोळंबतात.

दुसरा आक्षेप माझ्या भाच्याचा. हा नव्या पिढीचा. ‘‘मामा, आता कॅमेऱ्याच्या पोटातच थरथर मारायची सोय असते. दांडा कसला घेऊन फिरता?’’ सोय असते, आणि ती चांगलीही असते. रुंद लेन्स लावून देवळाचा सभामंडप टिपणाऱ्याने दांडा नेला नाही तरी चालेल, हे मी भाच्याला लेखी द्यायला तयार आहे. पण ती सोय थरथर मारते, वजन मारत नाही. मोठी लेन्स लावलेला दोन किलोंचा कॅमेरा डोळ्याला लावून पाखरू उडायची वाट बघत दहा मिनिटं उभं राहा, म्हणजे मनगट कोणाचं आणि सोय कोणाची ते कळतं. भाच्याचं मनगट चोवीस वर्षांचं आहे. माझ्या मनगटाने सव्वीस वर्षांत व्हाउचरांवर इतके शिक्के मारले आहेत, की त्याला कॅमेऱ्याचा भार आता ओव्हरटाइम वाटतो.

भिगवणचं सांगतो. उजनी धरणाच्या पाण्यावर थंडीत रोहित पक्षी येतात. होडीतून जावं लागतं. आम्ही सहाजण, नावाडी सातवा आणि साडूंची तिपाई आठवी. तिचा एक पाय मेव्हणीबाईंच्या पदरात, दुसरा नावाड्याच्या मोटारीपाशी, तिसऱ्याला जागाच नव्हती म्हणून तो साडूंनी स्वतः धरला. मी दांडा माझ्या बुटावर टेकवला. बुटावरच, होडीच्या फळीवर नाही, कारण मोटारीची थरथर फळीतून दांड्यात आणि दांड्यातून कॅमेऱ्यात चढते. आई माझ्या समोर बसली होती. तिचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. नावाड्याने मोटार बंद केली, आणि कशाने कोण जाणे, तो सगळा थवा एकदम उठला. इतका वेळ पांढुरके दिसणारे पक्षी पंख उघडल्याबरोबर लालबुंद झाले. साडू खाली वाकून कडी शोधत होते. मी दांडा पक्ष्यांकडे फिरवला आणि मग, का ते आजही सांगता येत नाही, तसाच आईकडे फिरवला. तिने दोन्ही हात वर केले होते, डोक्यावरचा पदर पडला होता आणि ती तोंड उघडं टाकून हसत होती. आमच्या घरात आई तोंडावर पदर न घेता हसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. दुसऱ्या क्षणी तिने पदर सावरला. तिच्या गुडघ्यांनी त्यानंतर कुठल्याच प्रवासाला मंजुरी दिली नाही.

त्या फोटोसाठी दांडा फिरवायला लागला असेल एक सेकंद.

आता डोक्याकडे वळतो, कारण खरी भाऊबंदकी तिथे आहे. दुकानदार तुम्हाला गोळ्याचं डोकं दाखवणार. एका खोबणीत फिरणारा गुळगुळीत गोळा, एक फिरकी सैल केली की कॅमेरा दाही दिशांना मोकळा. ‘‘साहेब, प्रोफेशनल लोक हेच नेतात.’’ नेत असतील, तिपाईवर. तिपाईचे पाय जमिनीत रोवलेले, तेव्हा सगळी हालचाल डोक्यालाच करावी लागते. आपला दांडा मात्र स्वतःच हलतो. डावी-उजवीकडे बघायचंय? अख्खा दांडा फिरवा. क्षितिज वाकडं दिसतंय? दांडा जरासा बाजूला झुकवा. दोन कामं पायानेच केली. उरलं एकच, वर-खाली बघणं. देवळाच्या कळसाकडे बघायला दांडा मागे झुकवत गेलात तर कळसाच्या आधी तुम्ही आडवे. तेवढ्या एका कामासाठी एका बिजागरीचं डोकं पुरे. उभा फोटो हवा असेल तर कॅमेरा पाटीवर काटकोनात फिरवून बसवावा, की तेच डोकं त्याला बाजूला आडवा पाडतं. मोठ्या लेन्सला स्वतःची कडी असते. ती कडीतच फिरते, तिथे तेवढाही खटाटोप नाही.

उलट गोळ्याचं डोकं दांड्यावर सैल केलं, की जड लेन्स पुढे कोसळते, सावरायला जावं तर बाजूला कलंडते, आणि खालचा दांडा तिसरीकडेच निघतो. दोन बेवड्यांनी एकमेकांना घरी पोचवावं तसा तो प्रकार. एका कामाला एक माणूस असताना तीन नेमायचे, आणि तिघांना तीन दिशांना ओढू द्यायचं, ही पद्धत मी आयुष्यभर जिथे पाहत आलो ती जागा मला पुरेशी आहे. ती खांद्यावर घेऊन हिंडण्याची इच्छा नाही.

वजनाच्या बाबतीत दुकानदाराचं दुसरं अस्त्र म्हणजे कार्बन फायबर. हातात घेतलं की पीस. मला त्याने सांगितलेला फरक असा : ॲल्युमिनियमपेक्षा दीडशे ग्रॅम कमी, सहा हजार रुपये जास्त. म्हणजे ग्रॅमला चाळीस रुपये. बी.कॉम.ला घटत्या उपयोगितेचा सिद्धांत पाठ केला होता, तो त्या काउंटरवर पहिल्यांदा समजला. दीडशे ग्रॅम मी आठ दिवस बटाटेवडा सोडून माझ्या पोटावरून उतरवतो, आणि त्यात उलटे पैसे वाचतात. कार्बन थंडीत हाताला चटका देत नाही, हे खरं. हिमालयात जाणाऱ्याने जरूर घ्यावं. शिवाय डब्यावर छापलेलं असतं, ‘क्षमता पंधरा किलो’. हा आकडा ज्याचा त्याने आपापल्या कारखान्यात आपापल्या पद्धतीने काढलेला असतो. पंधरा किलो म्हणजे गव्हाचं लहानसं पोतं. मला गव्हाच्या पोत्याने फोटो काढायचे नाहीत.

त्यापेक्षा उंची बघा. माझे डोळे जमिनीपासून 157 सेंटिमीटरवर आहेत. कॅमेऱ्याचा बूड ते डोळा लावायची खिडकी 8, डोकं 9, वजा जाता उरले 140. पण दांडा तिरका टेकतो, आणि पायऱ्यांवर तो नेमका खालच्या पायरीवर जातो, म्हणून दहा-पंधरा राखीव धरावे. दीडशेचा दांडा, मिटल्यावर पन्नासच्या आत. विमानातल्या हातबॅगेची लांबी 55 असते, तीत तो बसतो. पाच तुकड्यांचा आणखी आखूड मिटेल, पण खालची नळी उदबत्तीएवढी होते. उघडताना जाड नळी आधी ओढावी, बारीक शेवटी. कड्या खटक्याच्या घ्याव्यात की पिळायच्या, यावर लोक मारामारीला येतात. मला खटक्याच्या बऱ्या. लागली की नाही ते लांबून दिसतं. आणि डोक्यावरची सरकपाटी अर्का पद्धतीची, 38 मिलिमीटर रुंदीची असावी. एखाद्या कंपनीची खास पाटी प्रवासात हरवली तर डोकं म्हणजे नारळ.

तारे टिपणाऱ्याने, धबधब्याचं दूध करणाऱ्याने, आणि टायमर लावून धावत येऊन स्वतः फोटोत उभं राहणाऱ्याने तिपाईच घ्यावी. त्यांच्याशी माझा वाद नाही. साडू यांपैकी काहीही करत नाहीत.

आणि ज्याला दांडासुद्धा जड वाटतो त्याच्यासाठी सुतळी आहे. कॅमेऱ्याच्या बुडाला जे भोक असतं ते जगभर पाव इंची, इंचाला वीस आटे. आपल्याकडे 1957 साली नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, पण कॅमेऱ्याच्या बुडाशी इंच अजून राज्य करतोय. त्या मापाचा आखूड बोल्ट घ्यायचा, त्याला सुतळी बांधायची, दुसरं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताणायची. वर-खाली हालणं बरंचसं थांबतं. बोल्ट फार लांब नसावा, आणि जोर करून पिळू नये. आत कॅमेऱ्याचं पोट आहे. मी कोपऱ्यावरच्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो.

‘‘किती किलो देऊ?’’ त्याने विचारलं.

‘‘एक नग.’’

‘‘कशाला पाहिजे?’’

‘‘कॅमेऱ्याला.’’

त्याने माझ्याकडे बघितलं, बोल्ट पुढ्यात टाकला आणि पैसे घेतले नाहीत. घरी भाच्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘‘मामा, याची क्षमता किती किलो?’’