जनरल डबा कुणी बनवत नाही

गेल्या चार वीकांतांत मी एकच काम केलं. एक डबा बनवला. आयसीएफचा, निळा, जनरल. लांबी २५६ मिलिमीटर, म्हणजे वीतभर आणि वर दोन बोटं. सोमवारी हापिसात नेला तर टीममधल्या एकाने हातात घेतला, उलटा करून चाकं फिरवून बघितली आणि म्हणाला, "भारीये रे! पण एवढी मेहनत केलीस तर राजधानी तरी करायचीस."

त्याला तिथेच उत्तर द्यायचं होतं, पण स्टँडअपची वेळ झाली होती. म्हणून इथे देतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. मॉडेल रेल्वेत जगभर सगळ्यात जास्त चालतं ते एचओ माप. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी गाडी आणि साडेसोळा मिलिमीटरचे रूळ. पुण्यात राहत असाल आणि कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम बघितलं नसेल तर आधी ते बघा, मग पुढचं वाचा. भाऊ जोशींच्या हौसेतून उभं राहिलेलं हे म्युझियम १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलो होतो. बाहेर पडलो तो डोक्यात किडा घेऊनच, की हे सगळं झकास आहे, पण यात आपली गाडी कुठंय?

आपली गाडी म्हणजे नांदेड-पनवेल. परभणीकडून येते, गोदावरीचा पूल ओलांडते, गंगाखेडला थांबते आणि मग परळी, लातूर, कुर्डुवाडी, दौंड करत रात्रभरात पुण्याला आणून टाकते. अशी गाडी जर्मन कंपनी कशाला बनवेल? त्यांची गाडी मागवावी तर तीही परवडत नाही. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांची ६० झाली, २०२३ मध्ये ७०. आणि सरकारी वर्गवारीत आमचं मॉडेल आणि पोरांचा खुळखुळा एकाच खान्यात :-) तेव्हा उरतं काय, तर मिळेल ते देशी प्लॅस्टिकचं खेळणं घ्यायचं, फोडायचं आणि त्यातून आपला डबा काढायचा.

फोडलं की पहिला प्रश्न रुळांचा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागिले ८७ केलं की १९.२६ येतात. बाजारातले रूळ १६.५ चे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ वरून आलेत. म्हणजे आपला डबा एचओ रुळावर ठेवला की पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पायांवर उभा राहतो. समोरून बघितलं तर लुंगी आवळून उभा राहिलेल्या जाड्या माणसासारखा. यावर शुद्धतावादी मंडळी तासन् तास भांडू शकतात. माझं मत सरळ आहे: सोडून द्या. ब्रिटिशांचं ओओ माप घ्या. त्यात रूळ खरे १८.८३ चे हवेत, पण ते लोक कित्येक दशकं १६.५ वरच गाड्या चालवतात. ज्यांना सहन होत नाही ते १८.८३ चे रूळ हाताने टाकतात, टाकू देत. आपण गेज बरोबर करायच्या नादात गाडीचं माप बदललं तर ते १:१०१.६ वर जातं आणि मग त्या मापाची चाकं, माणसं, सिग्नल काहीच मिळत नाही. बाजूने बघा ना डबा. गाडी स्टेशनात येते तेव्हा कोण वाकून रुळांमधलं अंतर मोजतं?

(गंमत म्हणजे मीटरगेजवाल्यांचं नशीब चांगलं. १००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा, आणि १२ मिलिमीटरचे रूळ बाजारात आहेत. मनमाड-सिकंदराबाद लाईनचा आमच्याकडचा भाग १९९० च्या दशकात रुंद झाला. त्याआधीची गाडी करायची तर अर्ध्या मिलिमीटरचाच फरक. हे पुढच्या वर्षीचं खूळ.)

चाकांचं मात्र जमून गेलं. आयसीएफच्या बोगीचं चाक ९१५ मिलिमीटरचं. अमेरिकन मॉडेलवाल्यांचं ३६ इंची चाक मिळतं, ते ९१४ चं! इतकं नेमकं जुळल्यावर मी रात्री दीड वाजता एकटाच टाळी वाजवली. खेळण्यातली प्लॅस्टिकची चाकं काढून ही धातूची घाला, डबा निम्मा सुधारतो. उरलेला निम्मा वजनाने सुधारतो. अमेरिकन संघटनेची शिफारस आहे की आधी एक औंस, मग लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपला डबा दहा इंच, म्हणजे सहा औंस, १७० ग्रॅम. हलका डबा वळणावर रूळ सोडतो. मी तळाला नट चिकटवून भरती केली.

खिडक्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. जनरलच्या खिडकीला आडवे गज. मल्टिस्ट्रँड वायर सोलली की आत ०.२ मिलिमीटरच्या तारा निघतात. त्या एकेक सरळ करून, कापून, फेव्हिक्विकने चिकटवायच्या. पहिल्या बाजूला दोन रविवार गेले, दुसऱ्या बाजूला एकच. रंगाचा पहिला हात वाया गेला, कारण स्प्रेने प्लॅस्टिकच विरघळलं. डब्यावरची सूचना वाचली नव्हती. डॉक्युमेंटेशन न वाचणारा प्राणी, दुसरं काय.

आता आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडेल ते. पूर्वी रुळात जितके व्होल्ट तितका वेग, त्यामुळे एका रुळावरची सगळी इंजिनं एकाच वेळी पळायची. डीसीसीमध्ये रुळात कायम पूर्ण वीज असते आणि तिचीच दिशा उलटसुलट करून डेटा पाठवतात. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर '१', १०० किंवा जास्त असेल तर '०'. आधी एकांची रांग, मग पत्ता, मग हुकूम, शेवटी आधीच्या सगळ्या बाइट्सचा एक्सऑर. चूक पकडायची इतकी साधी युक्ती, आणि चालते. कमांड स्टेशन महाग असतं, पण आर्डुइनोवर स्वतःचं उभं करता येतं, त्याचा ओपन सोर्स कोडही आहे. माझं तसंच आहे. एक डिकोडर मी उलटी वायर जोडून जाळला, तो धडा वेगळा.

पण डब्यात डिकोडर घालू नका. पैशाची नासाडी आहे. दिव्यांना एक ब्रिज रेक्टिफायर, एक कपॅसिटर आणि रेझिस्टर पुरतो. एलईडी मात्र पांढरीफटक घ्या. पिवळसर उजेडाचा जनरल डबा म्हणजे थ्री-स्टार हॉटेल. मी एक एलईडी मुद्दाम जोडलेली नाही. आतून प्रवास केलेल्याला ते सांगावं लागणार नाही.

तर, राजधानी का नाही.

माझा राजधानीवर राग नाही. डेक्कन क्वीनवर तर नाहीच. १ जून १९३० ला सुरू झालेली गाडी, किती वेळा रंग बदलला तिने, २०२२ मध्ये एलएचबीचे नवे डबे आणि हिरवा-लाल रंग आला. मॉडेलवाल्याला यापेक्षा काय हवं? पण मी जितके देशी मॉडेलवाले बघितले ते सगळे राजधानी, शताब्दी, डेक्कन क्वीन, आता वंदे भारत, यातच फिरतात. नांदेड-पनवेलसारखी गाडी केलीच तर पाच एसी, दोन स्लीपर, आणि जनरल "नंतर बघू". दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये प्रिन्स ऑफ वेल्सचं १८७५ चं सलून आहे, म्हैसूरच्या महाराजांचं १८९९ चं आहे. ती जपायलाच हवीत. पण आपल्या आज्यापणज्यांनी प्रवास केला तो तिसऱ्या वर्गातून, तो वर्ग १९७४ मध्ये बंद झाला, आणि त्याचं मॉडेल कुणाच्या कपाटात आहे ते मला दाखवा.

आयसीएफच्या डब्याचं तेच होणार आहे. चेन्नईच्या कारखान्याने १९५५ पासून हा डबा बनवला आणि २०१८ च्या जानेवारीत थांबवला. आमच्या शेजारी लातूरला नवा कोच कारखाना झाला, तिथून डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा निघाला. नवे डबे जास्त सुरक्षित आहेत, एकमेकांवर चढत नाहीत, तेव्हा जुन्यांसाठी गळा काढण्यात अर्थ नाही. वय झालेल्या आयसीएफच्या खिडक्या बंद करून रेल्वेच त्यातून मोटारगाड्या वाहते. कस्टमायझेशन म्हणतात ते हेच! पण ९० सीटांचा, दोन्ही टोकांना वर तिरपे पट्टे असलेला तो डबा आज उभा असताना, फूटपट्टी घेऊन मोजता येतोय तोवर करून घ्यायला हवा. राजधानीचे फोटो हजारो आहेत. जनरलच्या आतला, सामानाच्या फळीवर झोपलेल्या माणसासकट फोटो शोधून बघा. मी इंजिनिअरिंगची चार वर्षं त्यातून आलो-गेलो आणि माझ्याकडे स्वतःकडे एक नाही.

दिवाळीला डबा गंगाखेडला घेऊन गेलो. आईने चष्मा लावून बराच वेळ बघितला. दिवा लावून दाखवला, बंद एलईडीही दाखवली, हसली. मग खिडकीला डोळा लावून म्हणाली, "अरे, पण ह्यात माणसं कुठंयत? जनरल कधी रिकामा असतो का?"

विकतची एचओ माणसं कोटटोपी घातलेली युरोपियन असतात. परभणीच्या जनरलमध्ये ती बसवायची कशी? म्हणून आता तारेचा सांगाडा आणि वर एपॉक्सी पुट्टी, उभं माणूस १९ मिलिमीटरचं. पटका, धोतर, नऊवारी, कॉलेजच्या सॅक. सदतीस झालीत. सीटा नव्वद आहेत, आणि दारात बसलेले वेगळे.