सागरावरचे यंत्र आणि पूर्णाकाठची तहान

डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले येथील समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यास आग लागली आणि चहूं बाजूंनी पाण्याने वेढलेले सुमारे लाखभर वस्तीचे ते शहर एका दिवसात पाण्यावाचून व्याकुळ झाले. भारताने विमानांतून पाणी धाडले आणि 'सुकन्या' व 'दीपक' ही नौदलाची जहाजे तिकडे रवाना केली. 'सुकन्या'ने आपल्या टाक्यांतून पाणी तर नेलेच. परंतु भोवतालच्या समुद्रातूनच रोज सुमारे वीस टन गोडे पाणी तयार करण्याची सोयही तिच्यावर होती.

जहाजांवर ही विद्या नवी नव्हे. इंजिनास थंड राखणारे पाणी स्वतः तापते; ती फुकट जाणारी उष्णता घेऊन, हवा काढून टाकलेल्या भांड्यात समुद्राचे पाणी कमी तापमानावर उकळावयाचे आणि वाफ पुन्हा थंड करावयाची, ही एक रीत. दुसरी पडद्याची. वातावरणाच्या पन्नास-साठ पट दाबाने खारे पाणी एका सूक्ष्म पडद्यावर लोटले असता पाणी पलीकडे जाते, मीठ अलीकडे राहते. हा पडदा व्यवहारात आणणाऱ्या दोघा संशोधकांपैकी एक श्रीनिवास सौरीराजन हे भारतीय होते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. लक्षद्वीपातील कवरत्ती येथे तर २००५ साली आपल्या शास्त्रज्ञांनी समुद्राच्या पृष्ठावरील ऊन पाणी आणि खोलातील गार पाणी यांच्या तापमानातील फरकावरच रोज एक लाख लिटर पाणी देणारे यंत्र उभे केले. मुंबई महापालिकेनेही २०२१ साली मनोरी येथे रोज वीस कोटी लिटरांची योजना पुढे आणली. हजार लिटरांस तीन-चार युनिट वीज जाळणारे हे पाणी मुंबईस परवडेल की नाही, हे मुंबईकरांनी पाहावे.

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नागपूरकरांस या यंत्रांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे, कारण विदर्भाचा खारा समुद्र जमिनीखाली आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावे खारपाणपट्ट्यात मोडतात. तेथील गाळाचे थर खोल, निचरा मंद आणि त्यांत साठलेले क्षार पुरातन. विहीर खणावी, पाणी लागावे, आणि ते तोंडात धरवू नये! अन्य सोय नसल्यास लिटरमागे दोन हजार मिलिग्रॅमपर्यंतचे क्षार सरकारी मानक सहन करून घेते; या पट्ट्यातील अनेक विहिरी ती मर्यादाही ओलांडतात. मूत्रपिंडाच्या विकारांची तेथील ओरड वर्षानुवर्षे चालू आहे.

जहाजावर जे साधते ते या गावांत का साधू नये? केवळ यंत्रविद्येच्या दृष्टीने पाहिले तर येथील काम सोपे आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ असते. आमच्या विहिरींत त्याचा लहानसा अंश. दाब कमी लागतो, वीजही कमी. म्हणूनच गावोगावी शुद्धीकरणाची यंत्रे बसविली गेली, त्यांची उद्घाटने झाली, फीत कापणाऱ्यांची छायाचित्रे आमच्याही पत्राने छापली. परंतु जहाजावर यंत्राशेजारी पगारी अभियंता उभा असतो, वीज जहाजाची स्वतःची असते, आणि पडदा कुजला तर बदलण्याचा हुकूम कोणी द्यावयाचा हे ठरलेले असते. ग्रामपंचायतीजवळ यांपैकी काय आहे? दोन वर्षांनी पडदा क्षारांनी बुजला की यंत्रावर कुलूप चढते आणि गावातील स्त्रिया पुन्हा हंडा घेऊन निघतात.

याहून बिकट गोष्ट मागे उरणाऱ्या पाण्याची. यंत्राने निम्मे पाणी गोडे केले, तर प्रत्येक हंड्यामागे दुप्पट खारट असा एक हंडा उरतो. जहाज तो समुद्रात ओतते आणि समुद्रास त्याची दादही नसते. पूर्णाकाठचे गाव तो गटारात सोडते. तेथून तो काळ्या जमिनीत मुरतो, आणि जे पाणी यंत्रास शुद्ध करावयाचे तेच अधिक खारे होते. (पेंच व कन्हानचे गोडे पाणी घरी येत असता केवळ जाहिरातींच्या भुलीने तेच यंत्र भिंतीला टांगून अर्धे पाणी मोरीत सोडणाऱ्या आम्हां नागपूरकरांनी या प्रश्नावर फार मोठ्याने बोलू नये, हेही खरे.)

तेव्हा आमचे मत असे की, या पट्ट्याची तहान मुख्यतः धरणांच्या पाण्यानेच भागली पाहिजे. वान, शहानूर व काटेपूर्णा या धरणांवरून नळयोजना झाल्या आहेत. त्या टोकाच्या गावापर्यंत रोज पोहोचविणे हे पहिले काम. जेथे नळ पोहोचत नाही किंवा उन्हाळ्यात कोरडा पडतो तेथेच यंत्र द्यावे, तेही पिण्यापुरते. पण द्यावयाचे तर जहाजाच्या शिस्तीने द्यावे: पाच-दहा गावांमागे एक शिकलेला पगारी माणूस, पडदे बदलण्याची तरतूद त्याच करारात, आणि उरलेले खारे पाणी सुकविण्यासाठी तळाशी अस्तर घातलेले उथळ कुंड. त्या पाण्याचे काय करावे, याचा सल्ला देण्यास १९५८ पासून याच शहरात काम करणारी 'नीरी' ही राष्ट्रीय संस्था आहे. सरकारास दूर जावयास नको.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरते. पूर्णाकाठच्या आमदारांनी तेथे नव्या यंत्रांची मागणी करण्यापूर्वी सरकारकडून एक तक्ता मागवून घ्यावा: खारपाणपट्ट्यात आजवर किती यंत्रे बसविली, त्यांपैकी आज किती चालू आहेत, बंद पडलेली कोणत्या वर्षापासून बंद आहेत, आणि चालू असलेल्यांचे खारे पाणी कोठे जाते.